लेन्सवरचं गंध

दुकानात पहिल्यांदा आलेला माणूस आधी माझ्या खांद्यावरून मागे बघतो. मागे एक कपाट आहे, भिंतीवरचा पंखा आहे आणि देवाचा फोटो आहे. रिपेअर करणारा बाप्या काही दिसत नाही म्हटल्यावर तो विचारतो, "शेठ कधी येतील?" सुरुवातीला मी खुलासा करत असे. हल्ली सांगते, "शेठ आलेत, तुम्ही बसा."

चिंचपोकळी स्टेशनपासून चार मिनिटांवर, दोन लेथवाल्यांच्या मधल्या गाळ्यात मी चौतीस वर्षं कॅमेऱ्याच्या लेन्स उघडते, पुसते आणि परत लावते. लेन्सच्या कामाला यापेक्षा वाईट शेजार शोधून सापडला नसता. एकीकडे लोखंडाचा कीस, दुसरीकडे ऑईल. दाराच्या फटींना मी स्पंजच्या पट्ट्या लावल्यात आणि आत आल्यावर दार लगेच लावा अशी पाटी लावलीय. पाटी कोणी वाचत नाही, मग मी ओरडते. माझ्या तोंडाची ख्याती माझ्या हाताच्या ख्यातीएवढीच आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात. समोर बाई म्हणतात, मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, लेन्स कशी निवडावी, कशी सांभाळावी यावर लिहा, घरातल्या माणसाला कळेल असं. निवडायचं आधी उरकते, कारण त्यात फार काही नाही. लोक विचारतात, चांगली लेन्स कुठली? मी उलट विचारते, तुम्ही उभे कुठे राहणार? दादरच्या हॉलमध्ये स्टेजवर नातेवाइकांची भिंत असते, तुम्हाला लांबूनच काढायचं असतं, तर लांबचं जवळ आणणारी घ्या. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत बारसं असेल तर तुमची पाठ कपाटाला आणि कोपर फ्रीजला लागलेलं असतं, तिथे रुंद बघणारी हवी. लेन्सवर आकडा असतो. आकडा लहान तितकं जास्त मावतं. खोली मोजा आणि मग लेन्स घ्या, एवढंच शास्त्र.

जुनी घेत असाल तर मागच्या बाजूने टॉर्च मारून आत बघा. जाळीसारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, घेऊ नका. कानाशी धरून हलवा, आत काही खुळखुळलं तर घेऊ नका. आणि वास घ्या. हसू नका, घ्या. बंद पेटीतल्या गोधडीसारखा कुबट वास आला तर ती कितीही चकचकीत असो, ती आतून गेलेली आहे. पेडर रोडवरच्या एका साहेबांना मी हे सांगितलं तर त्यांना अपमान वाटला. सहा महिन्यांनी तीच लेन्स घेऊन आले आणि म्हणाले, "वास घेतला असता तर बरं झालं असतं."

सांभाळण्याचं म्हणाल तर आपल्या मुंबईत शत्रू एकच, हवा. खारी, ओली, चिकट. बुरशीला काच आवडते असं नाही, काचेवरचं बोटाचं तेल आवडतं. लोक त्यावर जे उपाय करतात ते बघून मला कधीकधी बुरशी परवडते. मुगभाटातले एक मास्तर लेन्स तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे, कारण भिजलेला मोबाईल तसा ठेवतात. उघडली तर आत तांदळाची पिठी आणि एक टोका, धान्यातला किडा, जिवंत. खोताच्या वाडीतले एक म्हातारे गृहस्थ लेन्सच्या पेटीत डांबरगोळ्या टाकायचे. त्या गोळ्यांची वाफ काचेवर बसून धुकं धरलेलं. मी सांगितल्यावर म्हणाले, "मॅडम, माझ्या लग्नाच्या सुटाला पन्नास वर्षं चालते, मग ह्याला का नाय?" सुटाच्या आतून कोणी बघत नाही, असं मी म्हटलं. ते बराच वेळ हसले आणि पुढच्या वेळी पेटी परत डांबरगोळ्यांसकट घेऊन आले.

आता नियम. काचेवर काही पडलेलं दिसलं की पुसू नका. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, मग गरज असेल तरच कापड. धूळ म्हणजे बारीक दगड असतो. दगडासकट कापड फिरवलंत तर काचेवर जो पातळ मुलामा असतो, ज्याला आम्ही कोटिंग म्हणतो, त्यावर ओरखडे पडतात. कोटिंगचं काम एवढंच की समोरून आलेला उजेड आत इकडेतिकडे उधळू द्यायचा नाही. ते गेलं की खिडकीसमोर फोटो काढताना सगळ्यावर दुधाचं पाणी सांडल्यासारखं दिसतं. गेलेलं कोटिंग परत येत नाही. काही समजलं नाही तर हात लावू नका, माझ्याकडे आणा. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की लेथवाल्यांनाही पाठ आहे.

आणि हा नियम माझ्या हाताने मोडला गेला, ती गोष्ट सांगायला मी हा लेख घेतला. वरचं सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळालं असतं.

दिलीप वरळीच्या बीडीडी चाळीतला. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, ते गेले. घरात आई, बायको, दोन मुलं. दिलीप साखरपुडे, बारशी, मंडळांचे कार्यक्रम काढायचा. जवळ एक कॅमेरा आणि एकच चांगली लेन्स, चोवीसची, रुंद बघणारी. ती मीच त्याला निवडून दिलेली. सरळ स्वभावाचा माणूस, सांगितलेलं ऐकणारा. असली गिऱ्हाइकं फार नसतात.

तीन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर दोन दिवसांनी तो आला. त्यांची चाळ रिकामी होणार होती. ज्यांना नव्या टॉवरमध्ये घर लागलं होतं ते सगळे दिवाळीच्या आत निघणार आणि मग चाळ पाडणार. दिलीपने चाळीच्या फळ्यावर लिहून टाकलं होतं की प्रत्येक कुटुंबाचा त्यांच्या त्यांच्या खोलीत एक फोटो मी काढून देणार. मजल्याला वीस खोल्या, असे चार मजले. लोकांनी भांडी बांधायची थांबवली होती, फोटो होऊ दे म्हणून. एकदा कुलूप लागलं की ती खोली परत दिसणार नव्हती. आणि एवढ्याशा खोलीत अख्खं कुटुंब मावायचं तर ती चोवीसचीच लेन्स लागणार होती.

"बाई, आईने पूजा केली," तो म्हणाला आणि त्याने झाकण काढलं.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, हे कोणाला सांगायला नको. लेथवाले लेथला हार घालतात, मी माझ्या स्क्रू-ड्रायव्हरना कुंकू लावते, दांड्याला. दिलीपच्या आईने नवरा होता तोवर त्याच्या गिरणीतल्या कात्रीची पूजा केली, आता घर कॅमेऱ्यावर चालतं म्हणून कॅमेऱ्याची. दिलीप कॅमेरा पाटावर ठेवून दोन दिवस गावी गेला होता. आईने झाकण काढलं, समोरच्या काचेच्या मधोमध गंध लावलं, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. आल्यावर त्याने विचारलं तर म्हणाली, झाकणाक कुंकू लावन काय करू, बघता तो डोळो. मला विचाराल तर तिचं बरोबर होतं.

"तू हात लावलास?" मी विचारलं.

"नाही. तुम्हीच सांगितलंय ना, काही झालं तरी हात लावायचा नाही. तसाच आणला."

"शहाणा आहेस. बस."

वाळलेलं गंध उचलायची रीत आहे. त्यावर पाण्याचा थेंब ठेवायचा, मऊ होऊ द्यायचं, मग कापसाने टिपून घ्यायचं. परत थेंब, परत टिपायचं. अर्धा तास लागतो. घासायचं नाही, कारण गंध सहाणेवर उगाळतात आणि उगाळताना चंदनाबरोबर सहाणही थोडी झिजते. म्हणजे गंधात दगड असतोच. हे मला माहीत होतं. याआधी असे टिळे मी उचललेले होते.

पण तेव्हाच फोन वाजला. दादरचा एक नवा फोटोग्राफर, लेन्स पुसायला कुठलं कापड आणू म्हणून विचारत होता. फोन मी मानेत धरला आणि त्याला झापायला लागले. कापड नंतर, आधी हवा मारायची, किती वेळा सांगायचं तुम्हाला. तोंड त्याला हे सांगत होतं आणि माझा हात कापडावर द्रावण घेऊन दिलीपच्या लेन्सवर फिरत होता. अक्षता झटकल्या होत्या, गंध गुळगुळीत दिसत होतं, हात चालला. मधून सुरू करून बाहेर, गोल गोल, जसा तोवर एकतीस वर्षं चालत आला होता तसा.

फोन ठेवला आणि लेन्स दिव्याखाली धरली. काच स्वच्छ झाली होती. आणि त्यावर मधून बाहेर जाणारे गोल गोल बारीक ओरखडे होते.

हे ओरखडे वाचता येतात. ज्याला शिक्षण नाही तो काच आडवी-उभी पुसतो, पदराने किंवा शर्टाने, त्याच्या रेषा आडव्या-उभ्या पडतात. गोल फक्त आमच्यातली माणसं पुसतात. हे कोणाचं काम आहे ते त्या काचेवर माझ्या सहीसारखं लिहिलेलं होतं. ते वाचू शकणारं माणूस त्या गाळ्यात एकच होतं.

दिलीप समोर स्टुलावर बसला होता. "काय झालं बाई?"

"कोटिंग गेलंय," मी म्हटलं. इथपर्यंत खरं होतं. मग माझ्या तोंडातून निघालं, "गंध लावल्यावर कोणीतरी पुसायला गेलंय. पदराने असेल. पुसून झाल्यावर गंध परत लावलेलं दिसतंय."

 मला त्या क्षणी भीती वाटली ती नावाची. बाईंच्या हातून काच बिघडली असं एकतीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. हे कारण आहे, सबब नाही. दुसरी तसली लेन्स माझ्याकडे असती तर ती देऊन मी मोकळी झाले असते, पण नव्हती. मी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. त्यालाही तो माझा मोठेपणा वाटला.

मग मी त्याला उपाय सांगितला, आणि तो मात्र चोख होता. "खिडकी समोर धरू नकोस. खिडकीला पाठ लावून उभा राहा, माणसांना दाराच्या बाजूला बसव. उजेड तुझ्या मागून येऊ दे. मग ओरखडे दिसणार नाहीत."

सगळे फोटो त्याने तसेच काढले. नाताळाच्या सुमारास, सगळे नव्या घरी गेल्यावर, तो प्रिंट घेऊन दाखवायला आला. एकावरही दुधाचा डाग नव्हता. शिवाय एक वेगळीच गोष्ट झाली होती. कुटुंबाच्या मागे उघडं दार होतं, दाराबाहेर चाळीचा व्हरांडा, आणि व्हरांड्यात शेजारी बघायला जमलेले. टॉवेल खांद्यावर टाकलेला कोणी, कडेवर पोर घेतलेली कोणी. खिडकीच्या बाजूने काढले असते तर प्रत्येक फोटोत एकेकटं कुटुंब आलं असतं. आता प्रत्येकात अर्धा मजला होता. दिलीप खूश होता. लोकांना म्हणे हेच जास्त आवडलं.

"ही आमची खोली," तो म्हणाला. बायको, दोन मुलं, आणि टायमर लावून बसलेला तो स्वतः.

"आई?"

"ती मागे. दारात." व्हरांड्यात शेजाऱ्यांच्या मध्ये, चौकटीला टेकून उभी असलेली हडकुळी बाई त्याने बोटाने दाखवली. "आत येईचना. म्हणे लेन्ससमोर मी नको, आणखी काय झालं तर. मी तेव्हा जरा जास्तच बोललो होतो तिला. रागात होतो ना."

त्या खोलीत लग्न होऊन आलेली बाई, त्या खोलीच्या शेवटच्या फोटोत ती बाहेर उभी होती. मी तो प्रिंट हातात धरून बसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "छान आलेत," आणि प्रिंट परत पाकिटात घातले.

त्यानंतर कित्येक महिने मी ठरवत होते आणि टाळत होते. मला वाईट वाटत होतं असं म्हटलं तर ते कमीच आहे, मला माझी लाज वाटत होती. पण लाज घेऊनही माणूस रोज दुकान उघडतो, ओरडतो, जेवतो. पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी दिलीप कॅमेरा साफ करून घ्यायला आला. मी म्हटलं, "या वेळी आईला सांग, गंध झाकणावर लाव."

"छे, आता नाहीच ठेवत. आई कॅमेऱ्याच्या जवळपण जात नाही. पाटावर वडिलांची कात्री ठेवणार म्हणते तेवढी."

त्याच आठवड्यात दुकान लवकर बंद करून मी वरळीला गेले. दिलीप घरी नसेल अशी वेळ काढून गेले, हेही लिहून टाकते. बाविसावा मजला. व्हरांडा नाही, दारं बंद, लिफ्टपाशी चप्पलसुद्धा दिसत नाही. आईनेच दार उघडलं.

"मी लेन्सवाली बाई. चिंचपोकळीची."

"ये गो. दिलीप नाय घरात."

"तुमच्याकडेच आले."

तिने मला बसवलं, पाणी दिलं. मी उभ्याने सांगायचं ठरवलं होतं, पण बसूनच सांगितलं. गंधाने काही झालं नव्हतं, तुम्ही पुसलं नव्हतंत, मी पुसलं, मी घासलं, आणि तुमच्या मुलाला खोटं सांगितलं. एवढंच चार वाक्यांत. माफ करा असंही म्हटलं. बोलताना माझा आवाज नीट होता, हात मात्र पदराशी चाळा करत होते.

तिने सगळं ऐकलं. रागावली नाही, रडली नाही. आत जाऊन गॅस बारीक केला आणि परत आली.

"ह्यां दिलीपाक सांगशीत?"

"सांगेन. उद्या दुकानात बोलावून..."

"तो साताक येता. तवसर बस."

चार वाजले होते. मी बसले. तिने चहा केला, कपाखाली बशी दिली. मग ती तिच्या वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसली, मीही पुढ्यातल्या चार घेतल्या. तीन तासांत फार बोलणं झालं नाही. मूळ गाव विचारलं, माझं आणि तिचं दोन वाड्यांच्या अंतरावर निघालं. मग म्हणाली, हय शेजार कळत नाय, कोण जगला कोण मेला. समोर भिंतीवर तो फोटो फ्रेम करून लावलेला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, ती टाळत नव्हती.

सातला दिलीप आला. मला बघून त्याला आनंद झाला, "बाई, तुम्ही आमच्या घरी!" आईने त्याला बूटही नीट काढू दिले नाहीत, म्हणाली, बस आणि ऐक. मी तेच परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही.

 तो आईकडे वळला. "तू पुसलीच नव्हतीस?"

"नाय."

"मग तेव्हा बोलायचंस ना, आई."

तिने सोललेल्या वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं. "बोललंय मां. तीन वेळा सांगलंय तुका, मी पुसूक नाय. तू म्हणालंस, त्या बाईंका कळता, तुका काय कळता."